जुन्या फोनला ‘ॲ’ येत नाही

फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवाल्यांमागे एक विचित्र लचांड लागलं. कुणीतरी एकच अक्षर पाठवायचं, आणि ते ज्याच्या फोनवर उमटायचं त्याचं ॲप तिथल्या तिथे बंद पडायचं. व्हॉट्सॲप, मेसेंजर, जीमेल, खुद्द ॲपलचं मेसेजेस, सगळी त्यात सापडली. नोटिफिकेशनमधून ते अक्षर आलं तर फोनचा मुख्य पडदाच कोसळायचा. अक्षर तेलुगू लिपीतलं होतं: ‘ज्ञा’.

तेलंगणाच्या सीमेवरच्या, गोदाकाठच्या बासरच्या देवीचं नाव ज्ञान सरस्वती. नांदेड, धर्माबाद, बिलोलीकडची मराठी कुटुंबं आणि निझामाबाद, निर्मलकडची तेलुगू कुटुंबं आपापल्या पोरांना पहिलं अक्षर गिरवायला तिथे घेऊन येतात. त्या देवीच्या नावाचं पहिलंच अक्षर जगातल्या महागड्या फोनांना पेलवेना, यात गंमत आहे. मात्र रोजच्या टायपिंगमधला ‘ज्ञा’ निर्धोक होता, हेही सांगायला हवं. घोळ एका ठरावीक क्रमाचा होता: ज, हलन्त, ञ, मग झिरो विड्थ नॉन-जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह, आणि शेवटी काना. तेव्हा मोझिलात असलेले मनीष गोरेगावकर यांनी हा गुंता उकलून दाखवला. दोष फक्त तेलुगूत नव्हता. बंगालीतल्या आणि आपल्या देवनागरीतल्या काही जोडाक्षरांतही, पायात र असलेल्या ‘क्र’सारख्या अक्षरानंतर तेच अदृश्य चिन्ह आणि मग स्वर आला की, आयफोन असाच आडवा होत होता.

ॲप बनवणाऱ्याच्या दृष्टीने यातली खरी मेख वेगळीच आहे. दोष आयफोनच्या प्रणालीच्या, म्हणजे आयओएसच्या, ११.२.५ या आवृत्तीत होता. पुढच्या ११.३ च्या चाचणी आवृत्तीत तो नव्हता. म्हणजे जो प्रोग्रामर हौसेने नवी चाचणी आवृत्ती टाकून बसला होता, त्याच्या टेबलावर सगळं सुरळीत, आणि त्याचे ग्राहक मात्र हैराण. ॲपलने १९ फेब्रुवारीला घाईघाईने ११.२.६ काढली. ज्यांनी ती घेतली ते सुटले. या सगळ्यात ॲपमधली एक ओळही बदललेली नव्हती. ॲप तेच, त्याच्या खालची प्रणाली कोणत्या सालची एवढ्यावरच ते चालणार की कोसळणार हे ठरत होतं.

संगणकवाले याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. साध्या मराठीत प्रश्न एवढाच: आज लिहिलेलं ॲप सात वर्षांपूर्वीच्या फोनवर चालेल का, आणि चालायचं असेल तर त्यासाठी कुणी काय करायचं?

आयफोनवर हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, कारण फोन आणि प्रणाली एकाच घरची. २०१३ च्या आयफोन ५ एस या फोनला नवी मोठी आवृत्ती मिळणं आयओएस १२ ला थांबलं, तरी सुरक्षेची डागडुजी त्याला जानेवारी २०२३ पर्यंत मिळत होती. अँड्रॉइडचं तसं नाही. गूगल नवी आवृत्ती काढतं, मग चिप बनवणारा तिच्याशी आपला भाग जुळवतो, मग फोनची कंपनी आपले रंग चढवते, पण आठ हजारांच्या फोनसाठी ही यातायात परवडत नाही म्हणून बहुतेक वेळा ती करतच नाही. फोन ज्या आवृत्तीचा विकत घेतला, बहुतेकदा तिच्या पुढच्या एखाद-दुसऱ्या आवृत्तीवर त्याची वाढ थांबते. फोन मात्र आपल्याकडे लवकर संपत नाही. थोरल्याचा फोन धाकट्याकडे, तिथून आईकडे, आईकडून गावाकडे आजोबांकडे. बासरच्या स्टेशनवर उतरणाऱ्या एकाच कुटुंबात तीन पिढ्यांचे फोन असतात, आणि सगळ्यात जुना फोन बहुधा सगळ्यात थोर माणसाकडे असतो.

अँड्रॉइडचं ॲप लिहिताना तीन आकडे द्यावे लागतात. नवखे लोक हमखास गोंधळतात ते इथेच. पहिला, ॲप कमीत कमी कोणत्या आवृत्तीवर बसेल. दुसरा, कोणत्या आवृत्तीच्या सोयी हाताशी धरून कोड तयार केला. तिसरा टार्गेट, म्हणजे कोणत्या आवृत्तीचे नियम आपण समजून घेतलेत याची प्रणालीला दिलेली ग्वाही. हा तिसरा आकडा सगळ्यात मजेशीर. कॅमेरा, संपर्क, ठिकाण यांची परवानगी ॲप चालू असताना त्या त्या वेळी विचारायची, हा नियम २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ ने आणला. त्याआधीची ॲप्स सगळ्या परवानग्या बसवतानाच एकगठ्ठा घेत. ती एका रात्रीत मोडू नयेत म्हणून अँड्रॉइडने ठरवलं की ज्याचा टार्गेट जुना, त्याला जुन्या रीतीने वागवायचं. सवलत चांगल्या मनाने दिलेली, पण भामट्यांनी तिचा अचूक फायदा घेतला. आपलं ॲप मुद्दाम जुनं आहे असं सांगायचं आणि न विचारता परवानग्या खिशात घालायच्या. शेवटी २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ ने इतक्या जुन्या टार्गेटची ॲप्स बसवून घेणंच बंद केलं. जुन्याला सांभाळून घेण्याची किंमत असते ती अशी.

आता मराठीकडे येतो. इंग्रजीत ॲप बनवणाऱ्याला जुना फोन आठवतो तो बटणं नि परवानग्यांपुरता. आपल्याला तो पहिल्या अक्षरापासून आठवतो. अँड्रॉइडच्या अगदी आरंभीच्या फोनांवर देवनागरी नीट दिसतच नसे. फॉन्ट घातला तर अक्षरं उमटत, पण जुळत नसत: ‘शक्ती’मधला क पाय मोडून उभा, ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या मागे. कारण अक्षराचा आकार फॉन्टमध्ये असतो, पण कोणतं अक्षर कुणाला कसं जोडायचं हे ठरवणारं यंत्र प्रणालीत असतं, आणि ते तिथे नव्हतंच. मग मराठी मजकुराची चित्रं करून दाखवणं वगैरे जुगाड चालले. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ बरोबर हिंदीचा कीबोर्ड आला आणि तेलुगू, कन्नड, मल्याळम या लिप्यांना प्रणालीने जागा दिली. फोनच्या भाषांच्या यादीत मराठी आली ती २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये, तेलुगू, कन्नड, तमिळ, बंगालीच्या जोडीने.

या तारखांचा परिणाम ॲपवर कसा होतो पाहा. ॲपमध्ये मराठी मजकूर तयार आहे, पण तो दिसणार केव्हा? फोनची भाषा मराठी असेल तेव्हा. ४.१ च्या फोनवर देवनागरी वाचता येते, पण भाषांच्या यादीत मराठीच नाही, म्हणजे मेहनतीने भाषांतर केलेलं सगळं कुलपात. उपाय म्हणजे ॲपच्या आतच भाषा निवडायला देणं, आणि कितीतरी ॲप्स ते आपापल्या परीने करत होती. ही सोय अँड्रॉइडने स्वतः आणली ती २०२२ मध्ये, तेराव्या आवृत्तीत: फोन इंग्रजीत राहू द्या, हे एक ॲप तेवढं मराठीत दाखवा. सीमेवरच्या घरांसाठी तर ही सोय हवीच. शाळेची भाषा तेलुगू, घरात मराठी, फोन दुकानदाराने दिला तसा इंग्रजीत. पण जुन्या फोनवर तेरावी आवृत्ती येणार कुठून?

इथे अँड्रॉइडचा एक जुना नि शहाणा रिवाज कामी येतो. २०११ मध्ये टॅब्लेटसाठी ३.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात पडद्याचे स्वतंत्र तुकडे करून वापरायची सोय होती. ती फक्त नव्या फोनांपुरती राहिली असती तर कुणी वापरलीच नसती. म्हणून गूगलने तीच सोय एका वेगळ्या लायब्ररीत भरून दिली. ॲपने ती सोबत न्यायची, म्हणजे जुन्या फोनवरही नवी सोय चालते. पुढे या लायब्रऱ्यांचं मोठं कुटुंब झालं, आणि २०१८ पासून ते अँड्रॉइडएक्स या नावाने नांदतं आहे. ॲपपुरती भाषा निवडायची सोयही त्यातल्या ॲपकॉम्पॅट या लायब्ररीत आली. तेराव्या आवृत्तीवर ती प्रणालीला काम सांगते, त्याखाली स्वतःच निभावते. प्रोग्रामरने फोनची आवृत्ती विचारायचीही गरज उरत नाही.

आवृत्ती विचारणं टाळता येईल तिथे टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आवृत्ती पाचच्या वर आहे का’ असं विचारण्यापेक्षा ‘हे तुला जमतं का’ असं विचारलेलं बरं, कारण फोनच्या कंपन्या मधल्यामध्ये काय काढतात नि काय घालतात याचा भरवसा नाही. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण अक्षरांचंच आहे. ‘ॲप’ या शब्दातला ॲ घ्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून वेळ भागवत. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये ठरवलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते युनिकोड ६.० मध्ये दाखल झालं. फोनच्या फॉन्टला यातलं जे ठाऊक नसेल तिथे रिकामा चौकोन दिसतो. म्हणजे ‘ॲप’ हा शब्दच जुन्या फोनवर चौकोन आणि त्यापुढे प असा उमटायचा, आणि किंमत ‘चौकोन २५०’ अशी.

मग ॲपने कसं ओळखायचं की या फोनला ॲ येतो की नाही? अँड्रॉइड ६ पासून थेट विचारता येतं: या चिन्हाचा आकार तुझ्याकडे आहे का? त्याखालच्या फोनांसाठी अँड्रॉइडएक्समधल्या कोडने केलेली युक्ती मला फार आवडते. युनिकोडमधली एक अशी जागा घ्यायची जिथे कुठलंच चिन्ह नाही. फोन तिथे नक्की चौकोन काढणार. पडद्यावर न आणता त्या चौकोनाचं माप घ्यायचं. मग हव्या त्या चिन्हाचं माप घ्यायचं. दोन्ही मापं तंतोतंत जुळली, तर हे चिन्हही चौकोनच आहे असं समजायचं. उत्तर नकारार्थी आलं तर ॲ च्या जागी जुना अ-वर-चंद्र आणि ₹ च्या जागी सरळ ‘रु.’ लिहायचं. कुणाचं काही अडत नाही, नि समोरच्याला कळतही नाही की त्याच्यासाठी कुणी एवढी खटपट केली.

दिसण्याचा प्रश्न असा सुटतो, शोधण्याचा सुटत नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, जोडणारं एक अदृश्य चिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडच्या नियमपुस्तकात पहिली रीत मुख्य मानली आहे, आणि दुसरी १९९६ च्या २.० या आवृत्तीशी सुसंगत राहावं एवढ्यासाठी ठेवली आहे. म्हणजे बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी आपल्या ‘ऱ्ह’मधल्या अर्ध्या र पर्यंत येऊन बसली आहे. जुन्या कीबोर्डवरून भरलेलं आडनाव नव्या फोनवरून शोधलं की यादी रिकामी येते, आणि युनिकोडची नेहमीची एकसारखेपणा आणणारी प्रक्रियाही या दोहोंना एक मानत नाही. ॲ चं तेच. हे काम ॲपवाल्यालाच हाताने करावं लागतं: शोधण्याआधी दोन्ही रूपं एका साच्यात आणायची. मराठी नावांच्या याद्या असलेल्या कुठल्याही ॲपची परीक्षा घ्यायची असेल तर ‘गोऱ्हे’ शोधून पाहा.

काही गोष्टी मात्र ॲपच्या हातातच नसतात. संकेतस्थळांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये एक धोक्याची घंटा वाजवली. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या खालच्या फोनांना ठाऊकच नव्हतं. तोवर काम चाललं होतं ते दुसऱ्या एका जुन्या संस्थेच्या प्रमाणपत्राच्या जोरावर. परगावच्या माणसाने ओळखीच्या पाटलाची चिठ्ठी दाखवून गावात राहावं, तसं. आणि पाटलाची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपत होती. त्या वेळी वापरातल्या अँड्रॉइड फोनांपैकी ३३.८ टक्के फोन या जुन्या गटात होते. मुदत संपली की जगातल्या असंख्य साइट्स त्या फोनांवर ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडणार, आणि त्यांच्याशी बोलणारी ॲप्सही. प्रोग्रामरने कितीही नीट लिहिलेलं असो.

यातून सुटका झाली ती अँड्रॉइडच्याच एका ढिलाईमुळे. फोनमध्ये आधीच भरवशाचं म्हणून ठेवलेल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का, हे अँड्रॉइड तपासतच नाही. म्हणून त्या जुन्या संस्थेने आपली मुदत संपल्यानंतरही चालेल अशी चिठ्ठी सप्टेंबर २०२४ पर्यंत लिहून दिली, आणि जुन्या फोनांनी ती निमूट मान्य केली. ऐकायला गैर वाटतं, पण सगळं नियमात होतं. या तीन वर्षांत किती जुने फोन आपोआप कपाटात गेले असतील याचा हिशोब त्यामागे होता. सांभाळून घेणं म्हणजे कायमचं सांभाळणं नव्हे, वेळ विकत घेणं, हे त्या लोकांना पुरतं कळलं होतं.

मग सोडायचं कधी? कधीकधी निर्णय बाहेरूनच येतो. अँड्रॉइड ४.१ ते ४.४ मध्ये टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणी होती, पण बंद ठेवलेली. आपोआप चालू झाली ती अँड्रॉइड ५ पासून. कार्डाने पैसे घेणाऱ्यांना टीएलएसची पहिली आवृत्ती जून २०१८ अखेर बंद करण्याचा दंडक होता. पैशाच्या ॲपने इथे जुन्या फोनला नाही म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण पंचांग, गावाचं वेळापत्रक, देवस्थानाची माहिती देणाऱ्या ॲपने उगाच नव्या फोनची अट घालावी, याला आळसापलीकडे कारण दिसत नाही. व्हॉट्सॲपने अँड्रॉइड २.३.७ ला निरोप दिला तो १ फेब्रुवारी २०२० ला. २.३ ही मालिका २०१० च्या डिसेंबरातली. म्हणजे नऊ वर्षं त्यांनी ते ओझं वाहिलं, कारण ज्या माणसाशी बोलायचं तोच ॲपवर नसेल तर नव्या फोनवाल्यालाही त्या ॲपचा उपयोग नाही.

सरकारी ॲप्सना तर निवड करण्याची मुभाच नसते. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला स्मार्टफोनवर आलं. ज्यांच्याकडे साधा फोन किंवा लँडलाइन आहे त्यांच्यासाठी महिनाभराने १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची सोय झाली: उलट फोन येई आणि तेच प्रश्न आवाजात विचारले जात. ही जुन्या आवृत्तीची सोय नव्हे, तिच्याही खालची पायरी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून पिकाचा फोटो नि ठिकाण नोंदवायचं, ही ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. बासरच्या शेजारचा धर्माबाद तालुकाही त्यात आला. त्यात एका मोबाइलवरून वीस खातेदारांची नोंद करता येत होती. वरवर ही प्रशासकीय सवलत वाटते, पण तांत्रिक प्रश्नावरचं ते फार व्यवहारी उत्तर आहे. वाडीत एक चालणारा फोन असला की पुरे. उरलेल्या एकोणीस फोनांत कोणती आवृत्ती आहे हा प्रश्नच उरला नाही. कोडने सोडवता येत नाही ते कधीकधी नियमाने सुटतं, आणि असं सोडवणाऱ्याला कुणी प्रोग्रामर म्हणत नाही.

बासरलाच २००८ मध्ये सुरू झालेलं राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, दहावीनंतर थेट सहा वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम देणारं आणि मुख्यतः खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी काढलेलं. तिथल्या कुणी आपल्या गावासाठी ॲप करायचं मनात आणलं, तर त्याच्याकडे पुण्या-हैदराबादच्या कंपनीकडे नसलेली एक गोष्ट आयती आहे: घरातले जुने फोन. संगणकावरच्या नकली फोनवर, म्हणजे एम्युलेटरवर, जुनी आवृत्ती चालवून पाहता येते, पण नकली फोनची साठवण भरलेली नसते, बॅटरी फुगलेली नसते, त्यात लग्नाचे तीन हजार फोटो नसतात. खऱ्या फोनमध्ये नव्वद एमबीचं ॲप उतरवायलाच जागा नसते. आवृत्ती जुळणं ही त्यानंतरची गोष्ट.

आणि एक भाग शिकवणीत क्वचितच येतो. किमान आवृत्तीचा आकडा वाढवला म्हणजे जुने फोन गेले, असं प्रोग्रामर समजतो. ते जात नाहीत. त्यांच्याकडे आधी उतरवलेलं ॲप तसंच राहतं. प्ले स्टोअर त्यांना नवी आवृत्ती दाखवत नाही, एवढंच. ते जुनं ॲप पुढची कित्येक वर्षं रोज सकाळी सर्व्हरला तोच जुना प्रश्न विचारत राहतं. सर्व्हरवर कुणी मधल्या काळात रकान्याचं नाव बदललं, तारीख लिहायची पद्धत बदलली, की त्या फोनवर ॲप उघडताक्षणी मिटतं. ॲप लिहिणाऱ्याला याचा पत्ता नसतो, कारण त्याच्या हातात नवी आवृत्ती असते. ज्याने रकाना बदलला त्याला तर असं जुनं ॲप अजून कुणी वापरतं हेच कुणी सांगितलेलं नसतं.